हिऱ्यांचा हार पहिल्यांदा घेताना

ठाण्यात गोखले रोडवर किंवा राम मारुती रोडवर पहिल्यांदाच हिऱ्यांचा हार बघायला जाणार असाल, तर किमतीच्या आधी लांबी ठरवा. चोकर साधारण 14 ते 16 इंचांचा, गळ्यालगत बसणारा असतो. 18 इंचांची साखळी गळ्याच्या हाडापाशी येते आणि रोज वापरायच्या एकाच हिऱ्याच्या पेंडंटला, माझ्या मते, तीच सर्वांत शोभते.

सारख्या हिऱ्यांची सलग ओळ असलेला टेनिस नेकलेस साडीवर फार खुलतो, परंतु त्यात जडणकामाचा कस लागतो. हार उलटा करून हिऱ्यांना धरणारी प्राँग, म्हणजे धातूची बारीक टोके, भिंगातून पाहावीत आणि हार पदरावरून अगदी हलकेच फिरवावा, कारण जिथे धागा अडकतो तिथले प्राँग बहुधा उचललेले असते आणि पुढेमागे तिथूनच हिरा निखळतो. रोजच्या वापराला हिऱ्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेले जडण अधिक सुरक्षित.

चिठ्ठीवर ‘एकूण 1 कॅरट’ लिहिलेले असेल, तर हिरे किती ते अवश्य विचारा. 1 कॅरट म्हणजे 0.2 ग्रॅम, पण तेवढ्याच वजनाचा एकच हिरा त्याच दर्जाच्या बारीक हिऱ्यांपेक्षा कितीतरी महाग असतो. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख-क्रमांक सोन्याच्या शुद्धतेची हमी देतात, हिऱ्याची नव्हे. त्यासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र घ्यावे, आणि हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत घडवलेला, हे बिलावर स्पष्ट लिहून मागावे.