वॉशिंग्टनचं लष्करी नेतृत्व नववीच्या मुलांना कसं शिकवावं?

तुमची तक्रार अशी की अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध शिकवलं की मुलं वॉशिंग्टनबद्दल 'शूर, धाडसी, देशभक्त' एवढंच लिहून मोकळी होतात. मी नागपुरात इतिहास शिकवतो. माझं मत विचाराल तर गुण शिकवूच नका, निर्णय शिकवा. आणि मुलांनी आपलं मत वहीत लिहिल्याशिवाय पुढे काय झालं ते सांगू नका.

सुरुवात पराभवापासून करा. ऑगस्ट 1776, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर अमेरिकन सेनापती वॉशिंग्टन सपाटून हरलाय. पाठीशी ईस्ट नदी, समोर इंग्रज. फळ्यावर एवढाच नकाशा काढून विचारा: लढायचं की निघायचं? बहुतेक पोरं 'लढायचं' म्हणतात. त्याने एका रात्रीत सुमारे 9,000 माणसं होड्यांतून पलीकडे काढली. मग न्यूयॉर्कही गेलं, न्यू जर्सीतून माघार झाली. इथे एखादा पोट्टा हमखास बोलतो, 'सर, हा त हारूनच राह्यला!' बोलू द्या. सैन्य शिल्लक आहे तोवर बंड शिल्लक आहे, हे त्यातूनच निघतं.

मुलं लगेच 'गनिमी कावा' म्हणतील. तिथे जरा सावध राहा. वॉशिंग्टनला युरोपसारखं कवायती सैन्यच हवं होतं. गनिमी पद्धतीने लढला तो दक्षिणेत फ्रान्सिस मॅरियन. तुलना करायचीच असेल तर 1665 च्या पुरंदरच्या तहाशी करा. 23 किल्ले देऊन महाराजांनी काय वाचवलं, हे आपल्या मुलांना आधीच ठाऊक असतं.

मोठं सैन्य जिंकतंच, हा समज काढायला तर नागपूरच्या सीताबर्डीची टेकडी पुरे. नोव्हेंबर 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांची फौज कितीतरी मोठी होती, तरी शेवटी टेकड्या इंग्रजांकडेच राहिल्या.

सगळ्यात जास्त वेळ डेलावेअर नदीला द्या. 25 डिसेंबर 1776. बऱ्याच सैनिकांची नोकरीची मुदत 31 तारखेला संपतेय, नंतर ते घरी जाणार. नदीत बर्फ वाहतोय. तीन तुकड्यांनी नदी ओलांडायची असं ठरलंय, त्यातल्या दोन पार होऊच शकत नाहीत. वॉशिंग्टनची 2,400 माणसं पोचतात, पण तीन तास उशिरा, म्हणजे अंधारातला हल्ला गेला. आता? तो पुढे गेला, नदीपलीकडच्या ट्रेंटन गावात इंग्रजांचे सुमारे 900 भाडोत्री जर्मन सैनिक पकडले.

व्हॅली फोर्ज या त्याच्या हिवाळी छावणीतली थंडी थोडक्यात आटपा. 1777 मध्ये त्याने सैन्याला देवीच्या रोगापासून संरक्षण म्हणून टोचून घ्यायला लावलं, तो निर्णय मात्र सोडू नका. कोविड पाहिलेल्या मुलांना तो चटकन कळतो. त्याच्याकडे गुलाम होते, हेही सांगा. पुतळा उभा करायचा नाहीये आपल्याला.

यॉर्कटाउनला (1781) फ्रेंच आरमार नसतं तर कठीण होतं, हे प्रामाणिकपणे सांगा. तिथे ज्याच्या सैन्याने शरणागती पत्करली, तोच कॉर्नवॉलिस 1786 मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल झाला आणि 1793 मध्ये त्याने बंगालात जमीन महसुलाची कायमधारा पद्धत लावली. हे ऐकून मागचे बाकही जागे होतात.

परीक्षेत 'गुण लिहा' विचारू नका. 'डेलावेअर ओलांडायला तीन तास उशीर झाला, तुम्ही परत फिरला असता का?' असं विचारा. 'फिरलो असतो' लिहिणाऱ्याची कारणं पटली, तर त्यालाही पैकीच्या पैकी द्या.