टोपण न उघडलेली पेनं

"जे मनापासून आवडत होतं तेच पोटापाण्याचं काम केलं, आणि आता तेच नकोसं झालंय. माझी आवड मेली का हो?"

मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडे अनेकांच्या तोंडून येतो. गाणारे विचारतात, लिहिणारे विचारतात, फोटो काढणारे विचारतात. आज सांगते आहे ती एका व्यंगचित्रकार बाईंची हकिकत. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी त्यांनी चित्रं काढायचीच एक नोकरी सोडली, स्वतःची वेबसाइट सुरू केली आणि आठवड्याला दोन व्यंगचित्रं तिथे टाकायला लागल्या. डोक्यावर संपादक नाही, विषय ठरवून देणारं कोणी नाही. चित्र कागदावर, रंगीत पेनांनी काढायचं, मग स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचं. मूळ चित्रं विकली जायची, अधूनमधून कोणी खास चित्र काढून मागायचं, काही वाचक दरमहा थोडी रक्कम पाठवायचे. फार नाही, पण भागत होतं.

गेल्या आठ महिन्यांत मात्र वेगळंच सुरू झालं होतं. पेन्सिलीचं कच्चं चित्र पूर्ण व्हायचं, आणि रंगासाठी पेन हातात घेतलं की टोपण उघडायच्या आधीच हात थांबायचा. "पाऊण पाऊण तास टोपणाशी चाळा करत बसते," त्या म्हणाल्या, "आणि मग उठून जाते." शेवटच्या तीन आठवड्यांत वेबसाइटवर एकही चित्र गेलं नव्हतं. वाचकांना आपण फसवतोय असं त्यांना वाटत होतं.

आधी मी काही साधे प्रश्न विचारले. झोप कशी आहे? भूक? चित्रांखेरीज ज्यात मन रमायचं त्यात अजून रमतं का? दोन आठवड्यांहून जास्त काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल आणि मन उदास असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर वेगळे उपचार लागतात. तिथे नुसत्या गप्पा पुरत नाहीत. या बाईंचं तसं नव्हतं. त्या पोहायला जात होत्या, भाचीबरोबर पोट धरून हसत होत्या. आणि एक गोष्ट माझ्या मनात राहिली: व्यंगचित्रांच्या कल्पना टिपायची त्यांची वही भरलेली होती. सुचणं थांबलंच नव्हतं.

हाताचंही विचारलं. रोज चार-पाच तास पेन घट्ट धरणाऱ्या माणसाचा हात थांबतो तेव्हा कारण मनातच आहे असं समुपदेशकानं गृहीत धरू नये. मी त्यांना डॉक्टरांकडे जाऊन मनगट आणि अंगठा तपासून घ्यायला सांगितलं. हात ठीक निघाला.

मग मी त्यांना एका आठवड्याची नोंद ठेवायला सांगितली. बदलायचं काहीच नाही, फक्त वेबसाइटला किती जण येऊन गेले हा आकडा जेव्हा जेव्हा बघाल तेव्हा कागदावर एक रेघ मारायची. त्या कागद घेऊन आल्या आणि तो उलटा करूनच टेबलावर ठेवला. एका दिवशी 43 रेघा होत्या. त्यातल्या बऱ्याच चित्र काढायला बसल्यानंतरच्या. कच्चं चित्र झालं की आकडा, रंग निवडताना आकडा. चित्र अजून कागदावरच होतं, वेबसाइटवर गेलंही नव्हतं, तरी आकडा बघितला जात होता.

त्यांना याची लाज वाटली. मी सांगितलं की यात चारित्र्याचा काही प्रश्न नाही. बक्षीस नेमकं कधी मिळेल हे कळत नसेल, तर प्राणी आणि माणसं ते मिळवायची खटपट जास्त चिवटपणे करत राहतात. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत हे फार स्पष्ट दिसलं: दाणा अनिश्चित वेळी मिळायला लागला की कबुतर न थकता टोचत राहायचं, आणि दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ टोचायचं. वेबसाइटचा आकडा नेमका असाच असतो. कधी चार, कधी चारशे, आणि कारण कळत नाही.

पुढच्या भेटीला मी त्यांना सगळी पेनं आणायला सांगितली.

दोन डबे आणि एक कापडी पिशवी. त्यांनी ती माझ्या टेबलावर ओतली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. कोणत्या पेनाचं टोक ब्रशासारखं लवतं, कोणत्याची शाई दोनदा फिरवली की कागदाची लव निघते, कोणती शाई पार मागच्या पानावर उतरते, हे सगळं न विचारता सांगायला लागल्या. स्पिरिटच्या वासाची पेनं एकसारखा रंग देतात पण कागद भेदून जातात. पाण्याच्या शाईची कागदावर थांबतात पण पट्टे दिसतात. मी अर्धा तास मध्ये बोललेच नाही. आवड मेलेला माणूस असा बोलत नाही.

मग म्हटलं, तीन ढीग करा. झिजलेली, अर्धी वापरलेली, आणि उघडलीच नाहीत अशी. काळी, करडी, लाल आणि गडद निळी पहिल्या ढिगात गेली. तिसऱ्या ढिगात झगझगीत गुलाबी, झगझगीत नारिंगी, लिंबासारखा पिवळा, दोन-तीन जांभळ्या छटा.

"ही आवडत नाहीत?"

"ही तर सगळ्यात आवडती! पण स्क्रीनवर येत नाहीत ना."

त्यांनी समजावून सांगितलं. झगझगीत शाई डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाशही शोषून घेते आणि तो दिसणाऱ्या रंगात परत फेकते, म्हणून ती कागदावर जणू पेटलेली दिसते. स्कॅनरला ती पकडता येत नाही आणि स्क्रीनला दाखवता येत नाही. नारिंगी मळकट होतो, गुलाबी मरगळतो. फिकट पिवळा स्कॅनमध्ये पुसूनच जातो. जवळजवळचे दोन जांभळे एकच दिसतात. सुरुवातीला त्या हे रंग वापरायच्या आणि नंतर कॉम्प्युटरवर दुरुस्त करायच्या. मग दुरुस्तीचा कंटाळा आला. मग आधीच वगळायला लागल्या. पुढे कोणत्या रंगांच्या चित्राला जास्त लोक येतात तेही पाहायला लागल्या, आणि लाल वाढला.

"म्हणजे टोपण उघडायच्या आधी तुमच्या मनात काय चालतं?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. "स्कॅन कसा येईल. मग किती लोक बघतील. मग... रंग राहूनच जातो हो."

तेव्हा मी त्यांना 1973 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. एरवीही मी तो सांगते, पण इथे तो फारच चपखल होता, कारण त्यात रंगीत पेनंच आहेत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रांची आवड असलेली मुलं निवडली. काही मुलांना आधी सांगितलं की स्केचपेननं चित्र काढलंत तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच पेनं वर्गात ठेवली आणि मुलं आपणहून किती वेळ चित्रं काढतात ते पाहिलं. आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

"दुसऱ्या गटालाही बक्षीस मिळालंच होतं की," बाई म्हणाल्या.

नेमकं तेच. बक्षिसानं आवड मारली नव्हती. चित्र काढायच्या आधीपासून ते डोळ्यांसमोर उभं होतं, त्यामुळे बिघडलं. पुढे 1999 साली एडवर्ड डेसी, रिचर्ड कोएस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी असे 128 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही असंच दिसलं: आधी कबूल केलेली वस्तुरूप बक्षिसं आतली ओढ कमी करतात, मनापासूनची शाबासकी बहुधा ती वाढवते.

पण इथे मला एक सांगितलंच पाहिजे. बालवाडीतल्या मुलांवर घर चालवायची जबाबदारी नव्हती. "पैशाचा विचार सोडा, फक्त आनंदासाठी काढा" हा सल्ला स्वतंत्र कलाकाराला देणं मला अन्यायाचं वाटतं. घरभाडं, शाई, कागद, वेबसाइटचं दरवर्षीचं नूतनीकरण, हे कोण भरणार? पैशाची काळजी खरी असते; ती मनाचा खेळ म्हणून उडवून लावू नये. म्हणून एक अख्खी भेट आम्ही फक्त त्यासाठी ठेवली. वर्षभरात पैसे कुठून आले ते त्यांनी लिहून आणलं, शेजारी त्या त्या महिन्याचे भेटींचे आकडे. दोन्ही रकाने शेजारी ठेवल्यावर त्यांनाच नवल वाटलं. काम देणारे बहुतेक लोक वर्ष-दोन वर्षांपूर्वीची जुनी चित्रं पाहून आले होते. दरमहा पैसे पाठवणारे वाचक जवळपास तेच होते, आकडा वर गेला तरी आणि खाली आला तरी. दिवसातून 43 वेळा पाहिलेल्या आकड्याचा त्यांच्या मिळकतीशी फार थोडा संबंध होता. सगळ्यांच्याच बाबतीत असं निघेल असं मी म्हणत नाही. पण लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

वेगाचाही प्रश्न होता. त्यांच्या डोक्यात 'पीनट्स' ही व्यंगचित्रमालिका काढणारे चार्ल्स शुल्झ होते: 1950 ते 2000, जवळपास 18,000 व्यंगचित्रपट्ट्या, आणि पन्नास वर्षांत घेतलेली मोठी सुट्टी एकच, 1997 मधली पाच आठवड्यांची. त्या मापानं स्वतःला मोजलं की कोणीही आळशीच ठरणार. मी 'कॅल्विन अँड हॉब्ज' काढणाऱ्या बिल वॉटरसन यांची आठवण दिली. त्यांनी दहा वर्षांच्या कामात दोनदा, 1991 आणि 1994 मध्ये, प्रत्येकी सुमारे नऊ महिने थांबून घेतलं. दोघांची चित्रं लोकांनी जपून ठेवली आहेत. बाईंनी वेबसाइटवर दोन ओळी लिहिल्या: यापुढे आठवड्याला एकच चित्र. तीन वाचकांनी निरोप पाठवले, तिघांनीही "चालेल" म्हटलं होतं.

आकडा बघायचा तो फक्त महिन्याच्या एक तारखेला, असं ठरलं. फोनवरून ते पान काढून टाकलं. दहा दिवस निभलं. अकराव्या दिवशी कोणीतरी त्यांचं जुनं चित्र पुढे पाठवलं, ते पसरलं, आणि त्या रात्री दोन वाजेपर्यंत आकडा बघत बसल्या. पुढच्या भेटीत "सगळं पाण्यात गेलं" म्हणून रडल्या. मी त्यांना दहा कोऱ्या दिवसांचा कागद दाखवला.

चूक माझ्याकडूनही झाली. मी त्यांना एक वेगळी वही करायला सांगितली होती, कोणाला न दाखवायची, आणि रोज वीस मिनिटं त्यात काढा असं म्हटलं होतं. दोन आठवड्यांनी त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मला अजून एक आकडा दिलात." खरं होतं ते. वीस मिनिटं भरली का हेच त्या बघत होत्या. मी माफी मागितली आणि वेळ काढून टाकला.

पण वही राहिली, आणि तिचा नियम त्यांनी स्वतः काढला. एकदा बोलता बोलता त्यांनी फिकट निळ्या पेन्सिलीबद्दल सांगितलं. पूर्वी छपाईसाठी चित्राचा फोटो घ्यायचे तेव्हा त्या फिल्मवर हा निळा उमटत नसे. म्हणून व्यंगचित्रकार कच्च्या रेघा त्या निळ्यात काढायचे आणि वरून काळी शाई फिरवायचे. खोडायची गरजच नाही. वाचकापर्यंत फक्त काळी रेघ पोचायची.

"म्हणजे तो रंग काढणाऱ्याचा एकट्याचा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग पिशवीतला तिसरा ढीग बाहेर काढला.

त्या वहीत फक्त स्कॅन न होणारे रंग वापरायचे, असा तो नियम. झगझगीत शाई उजेडात फार लवकर उडते, त्यामुळे अशी चित्रं विकताही येत नाहीत. स्क्रीनवर जायची नाहीत, विकली जायची नाहीत, भिंतीवर टिकायचीही नाहीत. लोकांना दाखवायचा मोह झालाच, तर शाईच आडवी येईल. मला हे सुचलं नसतं. ज्याचं काम, त्यालाच त्यातली अशी खाच ठाऊक असते.

टोपणाशी होणारा चाळा एकदम गेला नाही. वेबसाइटच्या चित्राला बसण्याआधी त्या वहीत थोडं काढायच्या. एकदा उघडलेला हात मग बऱ्याचदा पुढेही चालायचा. काही आठवडे चालला नाही. एक तारखेचा आकडा कधी खाली असायचा आणि त्या दिवशी त्या हिरमुसल्या असायच्या, पण तो एकच दिवस असायचा. वेबसाइटवरच्या चित्रांत लाल कमी झाला. हे मला त्यांनी सांगितलं नाही, माझ्याच लक्षात आलं.

पाचव्या महिन्यात आम्ही भेटी थांबवायचं ठरवलं. वही त्यांच्या पिशवीत होती, कोपरा दिसत होता. मला ती बघायची फार इच्छा होती. त्यांनी दाखवली नाही, मी मागितली नाही. उठता उठता त्या म्हणाल्या, "आज घरी जाताना एक खरेदी करायचीय. नारिंगी संपलं."