बॅरी गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध मत का दिलं?

अ‍ॅरिझोनाचे हे रिपब्लिकन सिनेटर १९५३ ते १९६५ आणि पुन्हा १९६९ ते १९८७ सिनेटमध्ये होते. १९५७ आणि १९६० च्या नागरी हक्क विधेयकांना त्यांनी पाठिंबाच दिला होता. १९६४ ला ते दोन तरतुदींवर अडले: हॉटेलांसारख्या ठिकाणी आणि नोकरीत वंश वगैरेंवरून भेदभावाला बंदी. खासगी मालकांवर अशी सक्ती करण्याचा अधिकार राज्यघटना केंद्राला देत नाही, ही त्यांची भूमिका. मला ती अजिबात पटत नाही; हॉटेलच्या दारातून हाकललेल्या माणसाने दाद मागायची कुठे? विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झालं, त्यांच्याच पक्षाच्या ३३ पैकी २७ जणांनी बाजूने मत दिलं. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते तेव्हाचे अध्यक्ष, डेमोक्रॅटिक पक्षाचे लिंडन जॉन्सन यांच्याकडून सपाटून हरले. जिंकलेली राज्यं सहाच: अ‍ॅरिझोना आणि दक्षिणेतली पाच.