तालमीत नेता येईल असे संशोधनाचे अल्ट्रासाउंड यंत्र

प्रश्न : मी जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. बैठका मारताना मल्लाच्या मांडीचा स्नायू कसा आकुंचन पावतो, हे तालमीतच मोजावे असा माझा विचार आहे. पण सोनोग्राफी यंत्रातून फक्त तयार चित्र मिळते. छोटे यंत्र स्वतः घडवायचे तर कशाकडे लक्ष द्यावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपण अडचण नेमकी ओळखली आहे. चित्र तयार होताना मूळ प्रतिध्वनीतील बरीच माहिती गाळली जाते आणि ती परत मिळत नाही. म्हणून प्रत्येक चॅनेलचा, म्हणजे प्रतिध्वनी टिपणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र विद्युत वाटेचा, मूळ संदेश साठवता आला पाहिजे आणि ध्वनिस्पंद केव्हा व कोणत्या क्रमाने सोडायचे, हे आपल्या हाती राहिले पाहिजे. यंत्र लहान करण्याच्या नादात या दोन गोष्टी सोडू नयेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हिशेब मांडून पाहा. ६४ चॅनेल, प्रत्येकावर सेकंदाला ४ कोटी नमुने (संदेशाची मोजमापे) आणि प्रत्येक नमुना १२ बिटांचा धरला, तर सेकंदाला ३८४ कोटी बाइट तयार होतात, संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी ३.० मधून मात्र सेकंदाला ५० कोटींहून अधिक जात नाहीत. तथापि शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असल्याने ४ सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परतायला जेमतेम ५२ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढाच काळ नोंदवला तर एका स्पंदामागे सुमारे २ लाख बाइट पुरतात. सेकंदाला ५,००० स्पंद सोडले तरी ८०० कोटी बाइटांच्या मेमरीत ८ सेकंदांची नोंद मावते. एका बैठकीला ती पुरेशी आहे. संगणकावर ती नंतर सावकाश उतरवता येईल.

चॅनेलही बेताने वापरावेत. इटलीतील फ्लॉरेन्स विद्यापीठाच्या ‘युला-ऑप’ यंत्रात १९२ घटकांचा प्रोब (त्वचेवर टेकवायचा, ध्वनी सोडणारा व टिपणारा भाग) ६४ चॅनेलवर चालतो, कारण मधले स्विच हवे तेच घटक जोडून घेतात.

खरा त्रास वीजपुरवठा देतो. स्पंदासाठी दोन अंकी व्होल्ट लागतात, तर खोलवरून येणारा संदेश मायक्रोव्होल्टांइतका क्षीण असतो, त्यामुळे बॅटरीमागच्या स्विचिंग सर्किटची, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून व्होल्ट बदलणाऱ्या सर्किटची, खरखर चित्रात पट्ट्यांच्या रूपाने उमटते. पाण्याच्या टबात नायलॉनचा बारीक दोरा ताणून त्याचा प्रतिध्वनी घेतल्यास हा दोष चटकन दिसतो. ते चालू-बंद होणे यंत्राच्या मुख्य क्लॉकशी (सगळ्या कामांची वेळ ठरवणाऱ्या ठोक्यांशी) जुळवून घेतले, तर पट्ट्या जागच्या जागी राहतात आणि वजा करता येतात.

आपल्याकडे आणखी एक बाब महत्त्वाची आहे. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा १९९४ चा कायदा अल्ट्रासाउंड यंत्रांवर कडक नियंत्रण ठेवतो, म्हणून महाविद्यालयाच्या नैतिकता समितीच्या संमतीबरोबरच या कायद्याखाली नेमलेल्या जिल्ह्यातील समुचित प्राधिकाऱ्याकडे संस्थेमार्फत लेखी विचारणा करावी आणि त्यांचे उत्तर हाती येईपर्यंत यंत्र प्रयोगशाळेबाहेर नेऊ नये.