बदल केलेला ट्रॉम्बोन विकताना

भावा, बदल केलेला ट्रॉम्बोन (बँडमधलं पितळी फुंकवाद्य) विकायचा तर आधी स्लाइड बघ, म्हणजे सूर बदलायला पुढेमागे सरकवतात ती नळी; बाकी सगळं नंतर. आपल्या खाऱ्या हवेत स्लाइडच्या आतल्या नळ्या लवकर खराब होतात. नळी पुसून उजेडात धर; हिरवट ठिपके किंवा पोचा दिसला तर फोटोत दाखव, लपवू नकोस. माझ्याकडून एकदा पोचा सांगायचा राहिला, चिपळूणहून आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं. अजून मनाला लागतं.

नवखे चुकतात ते इथे:
- बदलांचा सगळा खर्च किमतीत धरतात. तो वसूल होत नाही.
- काढलेले मूळ भाग टाकून देतात. असतील तर सोबत दे, भाव सुधारतो.
- माउथपीसची (ओठांना लावायच्या भागाची) वाद्यात बसणारी दांडी जाड की बारीक, हे सांगतच नाहीत.

लग्नसराईच्या आधी विकायला काढ. अदलाबदल करायची तर समोरच्याचा ट्रॉम्बोन सातव्या पोझिशनपर्यंत, म्हणजे स्लाइड सगळ्यात लांब बाहेर येईपर्यंत, स्वतः वाजवून बघ, घाई नको.