साक्षरता वर्ग झालेल्या मोठ्या माणसांच्या आजूबाजूला वाचायला काही ठेवलं तर खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई, वय ५४, उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता योजनेच्या परीक्षेत पास झाल्या पण सर्टिफिकेट आल्यापासून एक ओळ वाचलेली नाही, तर घरात पुस्तकं आणून ठेवू का. फरक पडतो. पुस्तकांनीच पडतो असं मात्र नाही, आणि हे मी ठासून सांगतोय कारण यावरून आमच्या घरात वीसेक वर्षं वाद चालूय.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. नव्वदच्या दशकात साक्षरतेचा रात्रीचा वर्ग समाजमंदिरात भरायचा, दादा तेव्हा कॉलेजात होता, तोच शिकवायचा. आई भांडीकुंडी उरकून जायची. बाराखडी, जोडाक्षरं, सगळं आलं. वर्ग बंद पडला आणि दोन वर्षांत नुसती सही उरली. घरात वाचायला होतं काय? आमची पुस्तकं, ती पण दप्तरात. गावच्या वाचनालयाचं कपाट कुलपात, ते उघडायचं सकाळी आणि बायका तेव्हा रानात. आमच्या जिल्ह्याला हे नवीन पण नाही, १९५९ ला ग्राम शिक्षण मोहीम साताऱ्यातच सुरू झाली, गावंच्या गावं साक्षर म्हणून जाहीर झाली आणि नंतर कितीतरी माणसं शिकलेलं विसरली, कारण पुढं हाताशी वाचायला काही नव्हतं.

मग एक दिवस आईनं दुकानातून साखर आणली, पेपरात बांधलेली. डब्यात साखर ओतली, कागद चुलीकडं टाकायच्या ऐवजी गुडघ्यावर सपाट केला आणि बोट ठेवून लावत बसली, "उ-सा-ला प-हि-ली उ-च-ल", आणि तिथंच कागद फाटलेला. आमचा ऊस तोडणीला आलेला, कारखाना उसाचा पहिला हप्ता किती देणार ते तिला कळायला हवं होतं. मला म्हणाली, "आरं, ह्याच्या म्होरलं कुठाय?" मला काय माहीत. ती तशीच उठून दुकानात परत गेली, दुकानदारानं रद्दीच्या गठ्ठ्यातनं उरलेला तुकडा शोधून दिला आणि तिनं तो तिथंच उभ्यानं वाचला. त्यानंतर पुड्या, खताच्या गोणीवरची अक्षरं, एसटीच्या पाट्या, कालनिर्णयच्या मागच्या रेसिपी, तिचं वाचन थांबलं नाही.

दादा आता शिक्षक आहे आणि अजून म्हणतो, पुड्यांनी कोण शिकतं, मी वर्ग घेतला म्हणून ती वाचते. दादा, वर्ग तू घेतलास, मान्य, पण तुझी पोथी संपल्यावर तिला त्या उसाच्या दरानं वाचायला लावलं. १९९९ ला गुजरातेत दूरदर्शनवर गाण्यांच्या खाली त्याच गुजराती ओळी दाखवायला लागले, ते पण ह्याच विचारानं, की रोज बघतो तिथंच अक्षर दिसू दे.

तर पुस्तकांचा ढीग आणू नका. सासूबाईंना कशाची काळजी आहे ते बघा, बचत गटाचं पासबुक असेल, नातवाची शाळेची डायरी असेल, देवाची आरती असेल, ते मोठ्या अक्षरात त्यांच्या नजरेसमोर राहू द्या. आणि विचारलं तरच सांगा, मधे मधे सुधारू नका, आमच्या दादाला ती सवय होती आणि आई त्याच्यासमोर वाचायची बंद व्हायची.

अर्थात अक्षरओळखच नसेल तर नुसत्या कागदांनी काही होत नाही, वर्ग लागतोच, हे दादाचं बरोबर आहे. आणि आधी डोळे तपासून घ्या. आईला जवळचं दिसत नव्हतं हे आम्हाला फार उशिरा कळलं, तोवर तिला वाटायचं आपणच विसरलो. चष्मा तालुक्याच्या बाजारात मिळाला, त्याच दिवशी घरी येताना तिनं एसटीत तिकीट वाचलं.