पोरांना घेऊन पेरूला निघालीयस ना, मग आधी उंची बघ

अगं,

तुझा प्लॅन वाचला. लिमा, कुस्को, इंका या तिथल्या जुन्या राज्यकर्त्यांचं शहर माचू पिचू, टिटिकाका सरोवर, सगळं एका दमात. दोन मोठ्या माणसांना जमेल, पण तुझ्याबरोबर चार वर्षांचं पोर आहे. आम्ही आमच्या दोघांना घेऊन पाठीवर सॅक टाकून पेरू फिरलो तेव्हा एकच नियम ठेवलेला, आज रात्री जिथे झोपायचंय ती जागा किती उंचावर आहे ते आधी बघायचं, तिथे बघण्यासारखं काय आहे ते नंतर.

कारण असं, की लिमा समुद्राकाठी आणि कुस्को 3400 मीटरवर, मधे विमानाचा सव्वा-दीड तास. म्हणजे सकाळी समुद्र बघितलेलं पोर दुपारी अशा ठिकाणी उतरतं जिथे एक जिना चढला तर आपल्यालाच धाप लागते. मोठा माणूस सांगतो डोकं ठणकतंय, लहान पोर किरकिर करतं, जेवत नाही, खेळायला उठत नाही आणि आपण म्हणतो प्रवासानं दमलंय. 2500 मीटरच्या वर असं काही दिसलं ना, की पहिला संशय उंचीवर घ्यायचा, आणखी वर जायचं नाही, आणि उतार पडेना तर बुकिंग गेलं खड्ड्यात, सरळ खाली यायचं. औषधांचं निघायच्या आधीच मुलांच्या डॉक्टरांशी बोलून घे. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा ठेवलेला असतो तो आपल्यासाठी, पोरांना नको. मुन्या म्हणून पुदिन्यासारख्या वासाची एक वनस्पती मिळते, आमची तिच्या चहावर खूश होती.

त्यामुळे विमानानं कुस्कोला उतरलात तरी पहिल्या रात्री तिथे राहू नका, एअरपोर्टवरनंच टॅक्सी करून सेक्रेड व्हॅली नावाच्या दरीतल्या ओयांताइतांबो गावाला जा, ते 2800 च्या आसपास आहे, आणि माचू पिचूची ट्रेनही तिथनंच मिळते. (माचू पिचू 2430 मीटरवर, कुस्कोपेक्षा चांगलंच खाली, हे कितीतरी लोकांना जाऊन आल्यावर कळतं.) ओयांताइतांबोच्या दगडी गल्ल्या इंकांच्या काळातल्या, कडेनं पाण्याचे पाट वाहतात, आमच्या पोरांनी त्यात पानं सोडून शर्यती लावल्या, गल्लीतली दोन मुलं येऊन मिळाली, भाषा कुणाला कुणाची येत नव्हती पण हरलेल्याला चिडवणं व्यवस्थित चाललेलं. समोर डोंगरात इंकांचे एवढे मोठे दगड रचलेत, त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. बघतील नंतर, जबरदस्ती करू नकोस.

माचू पिचूबद्दल थोडक्यात. तिकीट खूप आधी काढ, रोजची संख्या ठरलेली आहे आणि गेटवर पासपोर्ट बघतात, पोरांचेही. आत टॉयलेट नाही, गेटच्या बाहेर आहे, आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, तेव्हा आधी सगळ्यांना नेऊन आण, कुणी कितीही "मला नाही आली" म्हटलं तरी. बाबागाडी आत चालत नाही, धाकट्यासाठी पाठीवरचं कॅरियर घे.

दिवस जास्त असतील तर मी म्हणेन कुस्कोचं विमान सोडच, बसनं किनाऱ्यानं खाली जा, पाराकासला सी लायन बघा, मग आरेकीपा. ते 2300 वर, शरीराला हळूहळू सवय होते, आणि शहर इतकं देखणं, पांढऱ्या ज्वालामुखी दगडातलं, मागे मिस्ती ज्वालामुखी उभा. तिथल्या म्युझियममध्ये हुआनिताची ममी आहे, 1995 साली आम्पातो शिखरावर सापडलेली, पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी देवाला बळी दिलेली मुलगी. न्यावं की नाही यावर आमचं घरात वाजलं होतं. शेवटी नेलं. आमच्या मुलीनं गाइडला विचारलं, "तिला कुणी विचारलं होतं का?" त्यावर संध्याकाळभर बोलणं झालं, आणि माझ्या मते ती संध्याकाळ माचू पिचूच्या वरची. तुझं थोरलं आठ वर्षांचं आहे, त्याला ने, धाकट्याला नको.

खाण्याची काळजी करू नकोस. दुपारी "मेनू" म्हणून मिळतं ते मागायचं, आधी वाडगाभर सूप, मग भाताबरोबर काहीतरी, आणि बऱ्याचदा जांभळ्या मक्याचं पेय, चिचा मोरादा. बटाट्याच्या तिथे तीन हजारांवर जाती आहेत, काही झालं नाही तर बटाट्यावर निभतं.

आणि एक, रांगेत लाजू नकोस. लहान मुलं बरोबर असतील तर पुढे घ्यायचा तिथे कायदाच आहे, बँकेत, स्टेशनवर "आतेन्सिओन प्रेफेरेन्ते" (म्हणजे यांना आधी) अशी पाटी दिसेल. आम्ही मागे उभं राहिलो की लोकच हाताला धरून पुढे ढकलायचे, एका आजीबाईंनी तर आम्हालाच झापलं पोरांना उभं का ठेवलंय म्हणून.

पुनोला, म्हणजे टिटिकाकाच्या काठच्या गावाला, अगदी शेवटी जा. 3800 मीटर आहे आणि रात्री थंडी मरणाची. उरोस लोकांची तोतोरा गवताची तरंगती बेटं मात्र चुकवू नका, पाऊल टाकलं की जमीन दबते, धाकटं तिथनं हलणार नाही. पुनोला जायची बस दिवसाची घे, रात्रीची नको, रस्ता चार हजारच्या वर जातो आणि अंधारात ओकाऱ्या आवरणं काय असतं ते मी इथे लिहीत नाही. पिशव्या हाताशी ठेव, सॅकच्या तळाशी नाही.

तारखा ठरल्या की कळव. मे ते सप्टेंबर कोरडा असतो, पण जून-जुलैला गर्दी फार, जमलं तर मेच धर.

तुझी ताई